बिननावाची प्रार्थना

"अकरा वर्षं झाली. माझ्या ओट्यावर आलेलं एकही भांडण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं नाही!"

पास्टर हिलाल वळवी यांचं हे वाक्य अख्ख्या उंबरपाणी गावाला पाठ होतं. ते हे वाक्य लग्नात सांगत, मयतीत सांगत, आणि म्हसावदच्या बाजारात वांगी घेताना वांगीवालीलाही सांगत. वांगीवाली बिचारी कोणाशी भांडलेली नसायची. तरी ऐकून घ्यायची.

वाक्य खोटं नव्हतं. चर्चला येणारे, न येणारे, सगळे आपली भांडणं घेऊन पास्टरांकडेच येत. दुसरीकडे जाणार कुठं? तलाठ्याकडे न्यावं तर तलाठी सापडत नाही. सरपंचबाईंकडे न्यावं तर त्यांचे यजमान सापडतात. ठाण्यात नेलं तर भांडण मिटत नाही, फक्त लांबतं आणि दोन्ही बाजूंचं जेवण तुटतं. पास्टरांकडे निदान चहा मिळायचा. चहा त्यांची बायको सिंधुबाई करायची. म्हणजे भांडण मिटवल्याचं नाव पास्टरांचं आणि साखर सिंधुबाईंची.

पास्टरांची एक पद्धत होती. कोणाचंही नाव घ्यायचं नाही. भांडणाऱ्या दोघांना ओट्यावर बसवायचं, चहा द्यायचा आणि डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायची. "हे प्रभू, कोणीतरी कोणाच्यातरी म्हशीला दगड मारला आहे. मी नाव घेत नाही, तुला माहीत आहे." नाव नाही म्हणजे अपमान नाही. शिवाय सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्यामुळे ज्यानं दगड मारला त्याला उठून घरी जायला वाट मिळायची. प्रार्थना संपून डोळे उघडले की ओट्यावर एकच माणूस उरायचा. एकट्याचं भांडण होत नाही. मिटलं!

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग जानेवारीत, एका गुरुवारी, गावात भंगारवाला आला.

भंगारवाल्याला द्यायला छबूबाई पाटलिणीनं गोठ्यामागचं सगळं लोखंड अंगणात काढलं. मोडका पत्रा निघाला, सायकलची चेन निघाली, जुन्या वखराचे तुकडे निघाले. पहार निघाली नाही.

ही पहार साधी नव्हती. धानोऱ्याच्या लोहारानं ती छबूबाईच्या लग्नात मांडवाचे खड्डे खणायला घडवली होती, आणि ओळख पटावी म्हणून बुडाशी छिन्नीनं दोन चिरा मारल्या होत्या. मांडव उठला, वऱ्हाड जेवून गेलं, पहार छबूबाईबरोबर सासरी आली. सासरच्या घरात तिच्या पूर्ण मालकीच्या दोनच वस्तू होत्या. एक पहार आणि दुसरे भटूभाऊ, तिचे यजमान. खड्डे मशीननं पडायला लागल्यापासून पहारीची आठवण कोणाला आली नव्हती. आज आली.

"मन्ही पहार कोठे शे?" छबूबाईनं अंगणातून विचारलं.

भटूभाऊ म्हशीला चारा टाकत होते. ते टाकतच राहिले. म्हशीपुढं दोन दिवसांचा चारा पडला.

"शेवटी कोन लई गयथा?"

भटूभाऊंनी तिसऱ्या दिवसाचा टाकला.

"बाज्या लई गयथा!" छबूबाईनं स्वतःच उत्तर दिलं. "सहा वरीस व्हयनात! बाज्यानी चोरी मन्ही पहार!"

चर्चला येणारा बाज्या सहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे सालानं कामाला होता. झोपडीच्या मेढी रोवायला त्यानं पहार मागून नेली होती, हे खरं. काम झाल्यावर परत आणून ठेवली होती, हेही खरं. पण पहिलं खरं छबूबाईनं बघितलं होतं आणि दुसरं बघितलं नव्हतं. मोठ्या घरच्या माणसानं जेवढं बघितलं तेवढंच खरं असतं.

संध्याकाळच्या आत ती पास्टरांच्या ओट्यापुढं उभी होती. पास्टरांना सगळं गाव "तुम्ही" म्हणायचं. छबूबाई अरेतुरे करायची. ती कलेक्टरलाही करेल.

"ओ पास्टर! तुन्हा बाज्यानी मन्ही पहार चोरी!"

"मावशी, बसा. सिंधू, चहा ठेव!"

"चहा ऱ्हाऊ दे! सोमवारनी दुपारलोंग पहार मन्हा दारमा उनी नही, ते हेमकांत जमादारले लई येई. मंग देख!"

हेमकांत हा तिचा पुतण्या. तो ठाण्यातल्या जमादाराबरोबर चहा पितो, एवढ्या एका गुणावर त्याचं गावात वजन होतं.

ती गेल्यावर बाज्या आला आणि ओट्याच्या खाली, जमिनीवर बसला. वर ये म्हटलं तरी आला नाही.

"पास्टर, मी पहार परत दिधी व्हती."

"कोणाच्या हातात दिलीस?"

"घर कोनी नव्हतं. गोठानी भिंतले टेकाडी दिधी."

"कोणी बघितलं?"

बाज्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "म्हैसनी."

साक्षीदार भरवशाची होती, पण दोन वर्षांपूर्वी विकली गेली होती.

जमादार आला की काय होतं हे बाज्याला सांगायची गरज नव्हती. मागच्या साली एका शेतातून पाण्याची मोटार गेली, तेव्हा त्याला तीन दिवस बसवून ठेवलं होतं. मोटार मालकाच्याच मेव्हण्याकडे सापडली. मेव्हण्याला तीन मिनिटंही कोणी बसवलं नाही. गावात काही हरवलं की पोलिसांची गाडी आधी भिलाटीत, बाज्याच्या भिल्ल वस्तीत, येते. तिला दुसरा रस्ता शिकवलेलाच नाही.

"तीन दिन काय, मी पाच दिन बठसू," बाज्या म्हणाला. "पन मन्ही सोनम शाळामा जास. पोरे तिले चोरनी पोर म्हंतीन. ते नाव मी कोठे धुवू?"

पास्टरांनी छाती पुढं काढली. "बाज्या, अकरा वर्षं झाली..."

"ते माले पाठ शे."

"मग रविवार माझ्यावर सोड!"

आत सिंधुबाईंच्या हातातून चहाची गाळणी पडली.

रविवारी थंडी अशी होती की चूल पेटली तरी तिच्याजवळ बसलेल्याची पाठ पेटत नव्हती. सकाळी नऊची घंटा पास्टरांनी नेहमीप्रमाणे नऊ वीसला वाजवली. ओट्यासमोरच्या अंगणापलीकडे चर्च होतं, त्याच्या दारातल्या कडुनिंबाला चंदेरी रंगाची घंटा टांगलेली होती, तिच्यावर जुना बोल्ट हाणला की टणटणाट पार पाटील गल्लीत जायचा. छबूबाई चर्चकडे कधी फिरकली नव्हती, पण त्या आवाजावर तिची रविवारची डाळ शिजायला पडायची.

"आज सरळ पहार म्हणा," चर्चकडे येताना सिंधुबाईंनी बजावलं.

"पहार म्हटलं की सगळे बाज्याकडे बघतील. नाव घेतल्यासारखंच झालं ते. मी वस्तू म्हणतो."

"वस्तू? गावात वस्तू काय एकच आहे?"

पण पास्टर पुढं गेले होते. त्यांनी डोळे मिटले आणि हात वर केले.

"हे प्रभू! या गावात कोणीतरी कोणाचीतरी वस्तू नेली आहे आणि परत केलेली नाही. मी नाव घेत नाही, तुला माहीत आहे. त्याला आज रात्री झोप येऊ देऊ नकोस! उजाडायच्या आत ती वस्तू माझ्या ओट्यावर येऊ दे! आमेन!"

एरवी "आमेन" लगेच यायचं. आज ते जरा थांबून, एकेक करत आलं. पास्टरांना वाटलं, लोकांच्या मनाला भिडलं. सिंधुबाईंना वाटलं, घोटाळा झाला.

चर्चमधून पहिली बाहेर पडली अनुसयाबाई. अनुसयाबाईच्या तोंडून गेलेली बातमी वाटेत वाढते. हापशीवर पोचेपर्यंत प्रार्थनेचं वेगळंच काही झालं होतं.

"पास्टरनी करनी करी, माय! जेन्हा घरमा दुसरानी वस्तू शे, तेले आज झोप येवाव नही!"

"आनि परत नही दिधी ते?"

अनुसयाबाईला याचं उत्तर माहीत नव्हतं. म्हणून तिनं ते दिलं. "डोया जातीन!"

रात्री हवामानानं पास्टरांची बाजू घेतली. सातपुड्यावरून असा गार वारा उतरला की अख्ख्या गावाला झोप आली नाही. आणि अख्ख्या गावात असं एकही घर नव्हतं, ज्यात दुसऱ्याची वस्तू नाही.

सोमवारी पहाटे सिंधुबाई दार उघडायला गेल्या. दार उघडेना.

"अहो, बाहेरून काहीतरी टेकलंय."

दोघांनी मिळून ढकललं. बाहेर धडाडधूम असा आवाज झाला, एक बकरी ओरडली, आणि दार वीतभर उघडलं.

ओटा दिसत नव्हता. ओट्यावर शिड्या होत्या, फवारणीचे पंप होते, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी होती, अंगणवाडीचा वजनकाटा होता, शाळेतला पृथ्वीचा गोल होता, इडलीपात्र होतं, मांडववाल्या दोधूच्या नावाच्या सतरा प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. एका खाटेवर विटांचा थर होता. त्यावर ती बकरी बांधलेली होती. आणि सगळ्यांत वर ग्रामपंचायतीचा सौर पथदिवा, खांबासकट.

पास्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सिंधू, बघ! प्रार्थनेची ताकद!"

"बघते. पहार बघा आधी."

पहारी तीन निघाल्या. पास्टरांनी तिन्हींची बुडं धोतराच्या सोग्यानं पुसून पाहिली. दोन चिरांची एकही नव्हती.

तेवढ्यात मालक यायला लागले. वस्तू परत मिळाली की माणूस खूश होतो असं पास्टरांना वाटत होतं. अकरा वर्षं माणसांत काढून माणूस एवढा भोळा राहू शकतो!

"हाई मन्हं इडलीपात्र!" अनुसयाबाई किंचाळली. "चार वरीस मी सूनना माहेरवर आळ लिधा! कोन लई उनं? पास्टर, कोन ठी गयं आठे?"

"मला माहीत नाही, ताई."

"तुम्हले माहीत नही? तुम्हीच ते म्हनतथात, तुले माहीत शे!"

"त्याला माहीत आहे. मला नाही."

"मंग त्याले इचारा!"

दोधूनं खुर्च्या मोजल्या आणि भडकला. त्याच्या हिशेबानं त्या बेचाळीस होत्या. म्हणजे अजून पंचवीस घरांचे डोळे जायचे राहिले होते. शिडीवर तीन जणांनी हक्क सांगितला. बकरीवर दोघांनी सांगितला, आणि बकरी तिसऱ्याच्या मागं गेली. ज्यांची वस्तू आली ते चोर शोधत होते आणि ज्यांची आली नाही ते पास्टरांना शोधत होते. चोर गर्दीतच उभे राहून सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते.

मग सरपंचबाईंचे यजमान योगेंद्रभाऊ आले. इस्त्रीचे पांढरे कपडे, पायात बूट. ते थेट पथदिव्यापाशी गेले.

"हा दिवा ग्रामपंचायतीचा आहे. चौकात लावलेला आहे."

"भाऊ, चौकात तर अंधार आहे," पास्टर म्हणाले.

"कागदावर लावलेला आहे."

"मग इथं कसा आला?"

"कसा म्हणजे? माझ्या आईला रात्रभर झोप नाही. ती म्हणाली, आधी तो दिवा घराबाहेर..." योगेंद्रभाऊ थांबले. सगळी गर्दीही थांबली. "म्हणजे, घरी तो सुरक्षित होता," ते म्हणाले, आणि खांब खांद्यावर घेऊन निघून गेले. चौकाकडे नाही. घराकडे.

सकाळी सहाला गावात एक भांडण होतं. साडेअकराला आणखी एकोणीस होती. आणि त्या एकोणिसांच्या मधोमध बाज्या उभा होता. त्याचं विसावं होतं आणि तेच पहिलं होतं.

बरोबर बारा वाजता छबूबाई आली. मागे मोटारसायकलवर हेमकांत, हेमकांतच्या मागे जमादार, आणि सगळ्यांच्या मागे, हातभर अंतर ठेवून, भटूभाऊ.

जमादारानं ओट्याकडे बघितलं. खिशातून वही काढली.

"पास्टर, हा काय प्रकार? चोरीचा माल इथं जमा करता का?"

"साहेब, ही प्रार्थनेची..."

"मी नोकरीत बावीस वर्षं काढली. प्रार्थनेनं ठिबकच्या नळ्या येत नाहीत."

"मन्ही पहार कोठे शे?" छबूबाई.

"खुर्च्या कोठे शेतस?" दोधू.

"बकरी मन्ही शे!" दोन आवाज.

अनुसयाबाईनं सुनेच्या माहेरच्यांना फोन लावला होता आणि तिला तिकडचं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून ती सगळ्यांच्या वर ओरडत होती. पास्टर "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत होते, पण त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नव्हता. शेवटी ते कडुनिंबाकडे धावले, बोल्ट उचलला आणि आजवर कधी हाणला नव्हता इतक्या जोरानं घंटेवर हाणला. टण! टण! टण!

सगळे गप्प झाले.

छबूबाई नेमकी घंटेखाली उभी होती. चंदेरी रंगाचा एक पापुद्रा सुटला आणि तिच्या पदरावर पडला. तिनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हाई काय शे?"

"घंटा," पास्टर म्हणाले.

"हाई घंटा नही शे," छबूबाई म्हणाली. "हाई मन्ही पहार शे!"

पापुद्रा निघाला होता तिथं बुडाशी दोन चिरा होत्या.

आता खरं सांगायचं तर पास्टरांना शपथेवर विचारलं असतं तरी ते म्हणाले असते, आमच्याकडे पहार नाही, घंटा आहे. आणि ते खोटं बोलले नसते. सहा वर्षांपूर्वी त्यांनी चर्चमध्ये सांगितलं होतं की दान गुप्त असावं, या हाताचं त्या हाताला कळू नये. दुसऱ्याच सकाळी चर्चच्या दाराशी एक लोखंडी पहार पडलेली होती. नाव नाही, गाव नाही. पास्टरांना वाटलं, गावात पहिल्यांदा कोणीतरी आपलं ऐकलं! त्या आनंदात त्यांनी तिला चंदेरी रंग दिला आणि तारेनं झाडाला टांगलं. एखादी वस्तू सहा वर्षं टांगून वाजवली की ती पहार राहत नाही. निदान वाजवणाऱ्याला तरी ती दिसत नाही.

"गुप्त दान होतं, साहेब," पास्टर हळूच म्हणाले.

जमादार खूश झाला. त्याच्या नोकरीत केस अशी स्वतः चालत येणं क्वचितच घडायचं. "पहार नेली कोणी? बाज्यानं. चर्चला येतो कोण? बाज्या. मालकिणीची चोरली आणि देवाला देऊन मोकळा झाला. पास्टर, पुरावा तुम्हीच टांगून ठेवलाय की!"

आणि त्यानं बाज्याची गचांडी धरली.

बाज्यानं पास्टरांकडे बघितलं. रविवार माझ्यावर सोड, असं सांगणाऱ्या माणसाकडे बघावं तसं.

हेमकांतला जे चार दिवसांत जमलं नसतं ते पास्टरांनी एका प्रार्थनेत आणि तीन टोल्यांत करून दाखवलं होतं. आता काय करायचं? त्यांना एकच काम येत होतं. त्यांनी डोळे मिटले, हात वर केले. "हे प्रभू, कोणीतरी कोणाचीतरी..."

"पुरे!" सिंधुबाई ओट्यावरून कडाडल्या. हातात साखरेचा डबा होता. "अकरा वर्षं चहा करतेय मी! डोळे उघडा आणि बघा, कोण निघून जातंय ते!"

पास्टरांनी प्रार्थना चालू असताना डोळे उघडले. आयुष्यात पहिल्यांदाच. आणि अकरा वर्षं प्रत्येक प्रार्थनेत त्यांच्या ओट्यावर काय चालत असे, ते त्यांना दिसलं. सगळ्या गर्दीनं सवयीनं डोळे मिटलेले होते. जमादारानंही. आणि एक माणूस चपला हातात घेऊन, पावलांचा आवाज न करता, कुंपणाच्या फटीतून बाहेर पडत होता.

"भटूभाऊ!" पास्टर ओरडले.

अकरा वर्षांत त्या अंगणात घेतलेलं ते पहिलं नाव.

भटूभाऊ सज्जन माणूस होते. त्यांनी कोणाला कधी शिवी दिली नाही. गुरुवारपासून बाज्याच्या नावानं गाव पेटलं होतं, तेव्हाही त्यांनी शिवी दिली नाही, म्हशीला चारा टाकला. आपल्याकडे सज्जन त्यालाच म्हणतात, जो दुसऱ्याची गचांडी धरलेली बघून खाली मान घालतो. पण एक पाय कुंपणात आणि एक बाहेर, अशा अवस्थेत खाली बघायलाही जागा नसते.

"सोडा त्याले," भटूभाऊ म्हणाले. "खडा मन्हा व्हता."

कोणाला काही कळलं नाही.

"कसाना खडा?" छबूबाईनं विचारलं.

"मुतखडा."

जमादारानं वहीत लिहायला घेतलेलं थांबवलं.

मग एकेक शब्द बाहेर आला. सहा वर्षांपूर्वी भटूभाऊ नंदुरबारला दवाखान्यात पडले होते. पास्टर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला भेटायला आले होते, जाता जाता त्यांनी भटूभाऊंसाठीही दोन शब्द प्रार्थना केली. तिसऱ्या दिवशी खडा पडला. डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, कुळथाचं पाणी चालू होतं, पण भटूभाऊंना वाटलं, उतराई व्हावं. रविवारी चर्चबाहेर उभं राहून त्यांनी गुप्त दानाचं ऐकलं. बायकोला सांगायची सोयही नव्हती. गोठ्याच्या भिंतीला पहार टेकलेली दिसली.

"पहारच का पण?" पास्टरांना राहवलं नाही.

"दगड पहारवरीच फुटस ना," भटूभाऊ म्हणाले. त्यात त्यांना काही चुकीचं दिसत नव्हतं.

"आणि गुरुवारपासून बोलला का नाहीत?"

"तुम्हीच सांगेल व्हतं. गुप्त ठेवा."

पास्टरांनी बोल्ट या हातातून त्या हातात घेतला.

जमादारानं छबूबाईकडे बघितलं. "मावशी, काय लिहू? चोरणारा नवरा आणि माल घेणारा देव. सही कुठं करता?"

छबूबाईनं हातानंच वही बाजूला सारली. जमादारानं वही मिटली, बाज्याची गचांडी सोडली, कोणी विचारणारं नसलेली एक पहार जप्त केली, कारण रिकाम्या हातानं परत जाणं बरं दिसत नाही, आणि हेमकांतच्या मागं बसून गेला.

गर्दी पांगायला लागली. झालं, मिटलं, असं सगळ्यांना वाटलं. पास्टर तर "सिंधू, चहा" असंही म्हणाले. एकट्या बाज्याला तसं वाटलं नव्हतं. तो कडुनिंबाजवळ गेला, पास्टरांच्या हातातला बोल्ट त्यानं काढून घेतला आणि घंटेवर तीनदा हाणला. निघालेली माणसं वळली.

"माय," तो छबूबाईला म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "पहार तुम्हनी सापडनी. मन्हं नाव परत द्या."

"कसं नाव?"

"गुरुवारले लई गयथ्यात. जितला जोरमा लई गयथ्यात, तितला जोरमा परत द्या. आठे. सगळासना समोर."

इतक्या वस्तू त्या दिवशी परत आल्या होत्या, पण अशी कोणी मागितली नव्हती. योगेंद्रभाऊंसारखा माणूस असता तर नाव खांद्यावर टाकून घरी गेला असता. छबूबाईनं पदर खोचला, एकदा भटूभाऊंकडे असं बघितलं की त्यांना दुसरा खडा झाल्यासारखं वाटलं, आणि ओरडली.

"बाज्यानी पहार चोरी नही!"

"पाटील गल्लीलोंग जावाले पायजे," बाज्या म्हणाला.

"बाज्यानी चोरी नही! मन्हा नवरानी चोरी!"

"नवरानं मी इचारं नव्हतं," बाज्या म्हणाला, आणि बोल्ट पास्टरांना परत दिला.

मग सिंधुबाईंनी चहा आणला. छबूबाईच्या घरी बाज्याचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असतो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. सिंधुबाईंकडे सगळे कप एकसारखे होते, कोणता कोणाचा ते कळत नव्हतं. बाज्या ओट्यावर चढला, छबूबाईच्या शेजारी बसला, आणि दोघांनी चहा प्यायला. छबूबाईनं एकदा कपाकडे बघितलं. पण आजच्या दिवसात तिची ओरडायची ताकद संपलेली होती.

"पहार काढून देऊ का, मावशी?" पास्टरांनी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. देवले दिधेल चीज परत लेतस का? पन नऊ म्हंजे नऊलेच वाजाडत जाय! तू वीस मिनिट उशीर करस आनि मन्ही डाळ कच्ची ऱ्हास!"

जाताना तिनं बाज्याला उभ्या गव्हाची राखण आणि पाणी भरायचं काम हिश्शानं दिलं. माफी तिला मागता येत नव्हती, गहू देता येत होता.

ओटा रिकामा व्हायला तीन दिवस लागले. पास्टरांनी या सगळ्यातून एक धडा घेतला आणि आपलं वाक्य थोडं दुरुस्त केलं. "भांडण ठाण्यापर्यंत गेलं नाही," ते आता सांगत, "ठाणंच आमच्या ओट्यावर आलं!"

पुढच्या रविवारी त्यांनी बरोबर नऊला घंटा वाजवली. पाटील गल्लीत कोणाचीतरी डाळ वेळेवर शिजायला पडली. प्रार्थनेची वेळ आली तेव्हा सिंधुबाई पहिल्या रांगेत बसून त्यांच्याकडे बघत होत्या. पास्टरांनी रात्रभर विचार करून असा विषय काढला होता, ज्यात कोणी कोणाचं काही नेलेलं नाही, कोणी कोणाला काही म्हटलेलं नाही, आणि ज्याच्यावर या पृथ्वीतलावर कोणाचं भांडण होणं शक्य नाही.

"हे प्रभू," ते म्हणाले, "लोकांना थंडी फार वाजते आहे. थंडी कमी कर. आमेन!"

"आमेन!" लगेच आलं. सगळ्यांचं एकदम आलं. पास्टर खूश झाले.

हवामानानं त्यांची बाजू पुन्हा घेतली. सोमवारी उजाडलं तेच ढगाळ आणि उबदार. पास्टर बनियनवर ओट्यावर बसले होते. पाटील गल्लीकडून दोन माणसं तरातरा येताना दिसली. एक छबूबाई होती, दुसरा बाज्या. दोघं खांद्याला खांदा लावून चालत होते आणि एकाच वेळी बोलत होते. पास्टरांना गहिवरून आलं.

"सिंधू, बाहेर ये! बघ, दोघं एका मनानं येतायत! अकरा वर्षं झाली..."

"ओ पास्टर!" छबूबाई दुरूनच ओरडली. "थंडी कमी कराले तुले कोनी सांगं व्हतं? गहू पोटरीमा शे!"

"थंडीबिगर दाना भरावाव नही आते!" बाज्याही ओरडला, तितक्याच जोरात. "मन्हा हिस्सा कोन देई? देव?"

"मावशी, बसा. बाज्या, बस. चहा..."

"चहा ऱ्हाऊ दे!" दोघं एकदम म्हणाले. "हेमकांत जमादारले लेवाले गया!"

पास्टरांनी सवयीनं डोळे मिटले आणि परत उघडले. मिटून उपयोग नव्हता. या वेळी तक्रारीत नाव होतं, त्यांचंच.